बाडो

2024 च्या जून महिन्यात नैरोबीतली तरुण मुलं संसदेत घुसली, त्या रात्री मला नातेवाइकांचे चार फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "अरे, तुझ्या केनियात हे काय चाललंय?" आता केनिया माझा कसा काय झाला? नोकरीच्या निमित्ताने 2013 ते 2016 अशी तीन वर्षं मी तिथे काढली, एवढाच संबंध. पण आपल्याकडे माणूस ज्या गावी दोन-तीन वर्षं राहून आला ते गाव त्याला कायमचं चिकटतं. असो. फोनवर मी करवाढ, महागाई, बेकारी असं जे चटकन सांगता येईल ते सांगितलं. पण ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे आणि फोनवर मावणारी नाही. म्हणून इथे लिहितोय. लेख लांबलाय, चहा घेऊनच बसा.

सुरुवात एका शब्दापासून करतो. स्वाहिलीत 'बाडो' म्हणजे 'अजून नाही'. जेवलास का? बाडो. बस आली का? बाडो. लग्न झालंय का असं विचारलं तर तिथे सरळ 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बाडो' म्हणायचं. 'नाही' म्हटलं की दारच लागलं ना! आमच्या इमारतीत रात्रपाळीला असलेल्या पहारेकऱ्याच्या तोंडी हा शब्द फार. वय तिशीच्या आसपास, वाणिज्य शाखेचा पदवीधर, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. नोकरी? बाडो. (पहाऱ्याचं काम तो नोकरीत धरतच नसे.) लग्न? बाडो. गावाकडे घर? हसून, बाडो.

मोझाम्बिकच्या मानववंशशास्त्रज्ञ अल्सिंडा हॉनवाना यांनी 2012 साली आफ्रिकेतल्या तरुणांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्या या अवस्थेला 'वेटहुड' म्हणतात. बालपण संपलेलं आहे, कर्तेपण हाती येत नाही, आणि माणूस मधल्या फलाटावर वर्षानुवर्षं उभा. बहुतेक लेखांमध्ये याचं वर्णन दुष्काळासारखं केलेलं असतं, म्हणजे आलं बुवा संकट. केनियाचा इतिहास वाचताना मला मात्र वेगळंच दिसत गेलं. हे थांबणं आपसूक झालेलं नाही. दर पिढीला कुणीतरी थांबायला लावलंय, आणि दर वेळी कारण मात्र तरुणांचंच काहीतरी चुकतंय असं सांगितलंय.

आता थोडं मागे जाऊ. केनियात चाळीसहून जास्त जमाती आहेत. मी इथे किकुयुंबद्दल जरा जास्त लिहितोय, कारण त्यांची संख्या सगळ्यात मोठी आणि नैरोबीच्या आसपासचा लिखित इतिहास बराचसा त्यांचा. या समाजात दोन पिढीगट असत, म्वांगी आणि माइना. बाप म्वांगी तर मुलगा माइना, नातू पुन्हा म्वांगी. (पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायचं ही त्यांचीही पद्धत आहे. हे मला तिथे कळलं तेव्हा आजोबांचं नाव लावणारा मी एकदम घरचाच झालो!) एका गटाने साधारण तीस-चाळीस वर्षं कारभार पाहिला की दुसऱ्या गटाकडे तो रीतसर सोपवायचा. त्या सोहळ्याचं नाव इतुइका. नवी पिढी जुन्यांना शेळ्या-बकऱ्यांची देणी द्यायची, मोठं नाचगाणं व्हायचं, आणि म्हातारे बाजूला व्हायचे. सगळं सुरळीत व्हायचं असं नाही, पण एक दिवस आपली पाळी येणार हे तरुणांना ठाऊक असायचं आणि एक दिवस उठावं लागणार हे म्हाताऱ्यांनाही.

जोमो केन्याटा यांनी 1938 साली आपल्या समाजावर पुस्तक लिहिलं त्यात याचं वर्णन आहे. शेवटचा इतुइका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाला. पुढचा 1925 ते 1928 च्या दरम्यान व्हायचा होता, तयारीही सुरू झाली होती. पण हे नुसतं नाचगाणं नाही, इथे सत्ता बदलतेय, हे इंग्रजांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो बेकायदेशीर ठरवला. म्हणजे 1920 च्या दशकात जी पिढी कर्ती व्हायची होती, ती तशीच राहिली. केन्याटांच्या पुस्तकाकडे मी पुन्हा येईन, कारण त्यात एक गंमत आहे.

इंग्रजांना तरुण हवे होते, पण कर्ते म्हणून नव्हे, मजूर म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झोपडीवर कर बसला, मग डोईपट्टी आली. कर रोख भरायचा, रोकड मिळवायची तर गोऱ्यांच्या मळ्यावर जायचं. पहिल्या महायुद्धानंतर 'किपांडे' आला. प्रत्येक आफ्रिकन पुरुषाने आपली नोंद, बोटांचे ठसे आणि मालकांचे शेरे असलेला कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. पूर्वी सोळा-सतराव्या वर्षी सुंता होऊन मुलगा पुरुष व्हायचा, आता त्याच वयाला गळ्यात डबी. बायाबापडे काय म्हणत असतील ते म्हणत असतील, पण तरुणांनी त्याला शेळीच्या गळ्यातली घंटा म्हटलं नसतं तरच नवल.

1921 साली हॅरी थुकू नावाच्या टेलिफोन ऑपरेटरने एक संघटना काढली. तिचं नाव 'यंग किकुयु असोसिएशन'. नावातच 'यंग'! कारण सरकारधार्जिण्या मुखियांची किकुयु असोसिएशन आधीच होती आणि ती त्यांच्यातर्फे बोलणार नव्हती. मागण्या किपांडे, कर आणि मळ्यावर सक्तीने नेल्या जाणाऱ्या मुलींच्या संदर्भातल्या. मार्च 1922 मध्ये थुकूला पकडलं. तेव्हा तो सत्ताविशीचा होता. पोलिस ठाण्यासमोर हजारो लोक जमले. पुरुषांची पुढारी मंडळी आता घरी जाऊया म्हणायला लागली, तेव्हा मेरी मुथोनी न्यांजिरू या बाईने कपडा वर करून त्यांना हिणवलं, की माझं लुगडं तुम्ही नेसा आणि तुमची विजार मला द्या. (लुगडं शब्द माझा, भाव तोच.) गर्दी पुढे सरकली, गोळीबार झाला, सरकारी आकड्यानुसारही वीसच्या वर माणसं मेली. मेरी न्यांजिरू त्यात होती. त्याच भागातल्या रस्त्याला आज थुकूचं नाव आहे, आणि नैरोबी विद्यापीठ त्याला लागूनच आहे. तीन वर्षांत मी त्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलो असेन.

दुसऱ्या महायुद्धात केनियातली मुलं किंग्ज आफ्रिकन रायफल्समधून ब्रह्मदेशात लढली. जपान्यांशी लढून ती परतली तेव्हा गोऱ्या सैनिकांना वसाहतीसाठी जमिनी देण्याची योजना होती, यांच्यासाठी नव्हती. नैरोबीत 'फॉर्टी ग्रुप' म्हणून तरुणांचा गट तयार झाला. 1940 च्या सुमारास सुंता झालेल्यांचा गट म्हणून 'फॉर्टी'. काम नाही, जमीन नाही, जमीन नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून माणसांत गणती नाही. पुढे माऊ माऊच्या उठावात यातले बरेच होते. 1952 साली आणीबाणी पुकारली गेली. माऊ माऊ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जंगल, शपथा, रक्त असं येतं, कारण इंग्रजी वर्तमानपत्रांनी तेच दाखवलं. पण जॉन लॉन्सडेलसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिलंय की त्याच्या पोटात 'मोठं कसं व्हायचं' हा भांडणाचा मुद्दा होता. जमिनीशिवाय कर्ता पुरुष होता येत नाही, आणि जमीन तर गेलेली.

यावर सरकारने काय केलं? 1954 मध्ये स्विनर्टन योजना आणली. विखुरलेले तुकडे एकत्र करून एकेकाच्या नावावर सातबारा (म्हणजे आपल्या भाषेत) करून द्यायचा. कागदावर उत्तम. पण अनेक तरुण तेव्हा छावण्यांत किंवा जंगलात होते. जे बाहेर होते, मुख्यत्वे सरकारच्या बाजूचे आणि वयस्क, त्यांच्या नावावर जमिनी चढल्या. आणि एकदा कागद आला की कुळाची जमीन बापाची झाली. पूर्वी मुलाला वाटा मिळणं हा हक्क होता, आता ती बापाची मर्जी. आपल्याकडच्या भाऊबंदकीत ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांना यापुढचं सांगायला नको.

मग 12 डिसेंबर 1963. स्वातंत्र्य. आणि खरंच, एका पिढीचं थांबणं तेव्हा संपलं. टॉम म्बोया हा कामगार पुढारी, विशीतच देशभर गाजलेला. त्याने अमेरिकेत हिंडून शिष्यवृत्त्या आणि विमानाचे पैसे जमवले. सप्टेंबर 1959 मध्ये पहिलं विमान 81 विद्यार्थी घेऊन गेलं, 1963 पर्यंत जवळजवळ 800 मुलंमुली अशी गेली. वांगारी मथाई 1960 साली याच वाटेने गेल्या, पुढे 2004 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. ही मुलं परत आली तेव्हा इंग्रजांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पंचविशी-तिशीत माणसं सचिव झाली, प्राध्यापक झाली. गाडी, बंगला, गावाकडे जमीन. शिका म्हणजे साहेब व्हाल, ही गोष्ट आईबापांनी डोळ्यांनी पाहिली. मग गावोगाव लोकांनी वर्गणी काढून 'हरांबे' शाळा उभ्या केल्या. हरांबे म्हणजे 'सगळे मिळून ओढू या'.

घोटाळा असा की खुर्च्या एकदाच रिकाम्या झाल्या. पंचविसाव्या वर्षी बसलेला माणूस तीस वर्षं उठत नाही. दहा वर्षांत मागून येणाऱ्यांची रांग लागली. 1972 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं पथक केनियात आलं. हान्स सिंगर आणि रिचर्ड जॉली त्याचे प्रमुख. त्यांनी लिहिलं की इथे प्रश्न नुसत्या बेकारांचा नाही, दिवसभर राबूनही पोट न भरणाऱ्यांचा आहे. 'असंघटित क्षेत्र' ही कल्पना जगभर रूढ झाली ती या अहवालामुळे. केनियात त्याला आधीपासून बरं नाव आहे, 'जुआ काली'. म्हणजे कडक ऊन. उन्हात बसून पत्रा ठोकणारे, पेट्या बनवणारे, गाड्या दुरुस्त करणारे. कामुकुंजीला गेलात तर हातोड्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो, बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं.

इथे एका गोयंकाराची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पिओ गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, 1927 चा. शाळेसाठी गोव्यात, मग कॉलेजला धारवाडला, मुंबईत टपाल खात्यात नोकरी आणि तिथल्या संपात भाग. 1949 मध्ये केनियाला परतला आणि माऊ माऊला मदत केली म्हणून 1954 ते 1959 कैदेत राहिला. स्वातंत्र्यानंतर जमिनी नव्या साहेबांच्या हाती चालल्यात, भूमिहीनांचं काय, हे तो विचारत राहिला. 24 फेब्रुवारी 1965 रोजी नैरोबीत घराच्या फाटकाशी त्याला गोळ्या घातल्या. वय 37. पाठोपाठ 1969 मध्ये म्बोया, वय 38. 1975 मध्ये जे. एम. कारिउकी, जो म्हणायचा की आम्हाला दहा लक्षाधीश आणि एक कोटी भिकारी असलेला देश नको. तिघांपैकी कुणीही पन्नाशी पाहिली नाही.

आणि आता ती गंमत. इतुइकाबद्दल इतक्या प्रेमाने लिहिणारे केन्याटा राष्ट्राध्यक्ष झाले आणि 22 ऑगस्ट 1978 रोजी मरेपर्यंत राष्ट्राध्यक्षच राहिले. लोक त्यांना 'म्झे' म्हणत, म्हणजे वडीलधारे. त्यांच्यानंतर आलेले डॅनियल अराप मोई चोवीस वर्षं राहिले. त्यांचं घोषवाक्य होतं 'न्यायो', म्हणजे पावलं. केन्याटांच्या पावलावर पाऊल टाकायचं आणि बाकी देशाने मोईंच्या.

जे पाऊल टाकेनात त्यांचं काय झालं ते नैरोबीच्या मध्यवस्तीत उभ्या असलेल्या न्यायो हाउसच्या तळघराला विचारावं. 1980 च्या दशकात तिथे प्राध्यापक, विद्यार्थी, पत्रकार यांचा छळ झाला. त्याआधी, 1977 च्या शेवटच्या दिवशी, न्गूगी वा थ्योंगो यांना उचललं होतं, कारण त्यांनी कामिरिथूच्या शेतकऱ्या-कामकऱ्यांना घेऊन त्यांच्याच भाषेत नाटक बसवलं. 1 ऑगस्ट 1982 रोजी हवाई दलातल्या कनिष्ठ दर्जाच्या तरुणांनी बंडाचा प्रयत्न केला, तो फसला. काही विद्यार्थी रस्त्यावर उतरून नाचले होते. झालं, नैरोबी विद्यापीठ वर्षभराहून जास्त बंद. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष टायटस अडुंगोसी याला दहा वर्षांची शिक्षा झाली. 1988 मध्ये तो तुरुंगातच मेला.

दुसरीकडे सरकारने निदान केलं की शिक्षणच चुकीचं आहे. मुलांना खुर्चीच हवी असते, हात काळे करायला नकोत. म्हणून 1985 पासून '8-4-4' पद्धत आली. आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. त्यात सुतारकाम, शेती, गृहविज्ञान घातलं. आईबापांनी पुन्हा वर्गणी काढून शाळेत कार्यशाळा बांधल्या. रंधे नव्हते, शिक्षक नव्हते, पण परीक्षा होती. आणि नेमकं त्याच काळात जागतिक बँकेच्या अटींप्रमाणे सरकारी नोकरभरती आखडली, फी वाढली. म्हणजे एकीकडे शिकून साहेब होऊ नका म्हणायचं, आणि दुसरीकडे ज्या कारखान्यात सुतार-फिटर लागतील ते कारखाने बंद पडताना बघायचं. आपल्याकडे नोकरीसाठी 'चपला झिजवणं' म्हणतात ना? केनियात त्याला 'टारमॅकिंग' म्हणतात. डांबरावर चालणं. प्रमाणपत्रांची खाकी पाकिटं काखोटीला मारून डांबरी रस्त्याने निघालेली माणसं मी 2013 मध्येही रोज पाहत होतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात लागतो. 1990 च्या जुलैत बहुपक्षीय लोकशाहीसाठी लोक रस्त्यावर आले. 7 जुलैचा तो दिवस 'साबा साबा' म्हणून ओळखला जातो, म्हणजे सात-सात. मोईंना नमावं लागलं आणि 1992 मध्ये निवडणूक ठरली. तेव्हा मोईंच्या पक्षाने तरुणांची एक फौज उभारली, 'यूथ फॉर कानू 92'. काम एकच, पैसा वाटणे. इतका वाटला की 500 शिलिंगच्या नोटेला या गटाच्या पुढाऱ्याचं नाव पडलं, 'जिरोंगो'. मोई जिंकले आणि पुढच्या वर्षी महागाईचा असा भडका उडाला की लोक अजून सांगतात. या फौजेत पंचविशीचा एक तरुण होता, विल्यम रूटो. होय, तोच. 2022 मध्ये तो 'हसलर' म्हणून, म्हणजे धडपड्या गरिबांचा माणूस म्हणून, हातगाडीचं चिन्ह घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला, आणि 2024 मध्ये मुलं ज्याच्या विरोधात रस्त्यावर आली तोही तोच.

म्हणजे तरुणांना वर चढायला वाट नव्हती असं नाही. एक वाट होती. म्हाताऱ्याची पालखी उचला, मग बघू. 2007 च्या निवडणुकीनंतर जी दंगल झाली त्यात 1,100 हून जास्त माणसं मेली. मारणारेही बहुतेक तरुण, मरणारेही बरेच तरुण. ज्यांच्या नावाने ते एकमेकांवर धावले ते दोन्ही पुढारी दोन महिन्यांत हातमिळवणी करून सरकारात बसले.

त्यानंतर मात्र सरकार तरुणांच्या नावाने फार काही करू लागलं. तरुणांसाठी कर्जाचा निधी 2006 मध्येच निघाला होता, 2009 मध्ये 'काझी क्वा विजाना' म्हणजे 'तरुणांना काम' ही योजना आली. गटारं साफ करायची, खड्डे बुजवायचे. पैसे कुठे गेले यावरून वाद झाला आणि ती गुंडाळली. 2010 च्या नव्या घटनेत तर तरुणांसाठी स्वतंत्र कलम आहे आणि व्याख्याही, 18 ते 35. ही व्याख्या मी वाचली तेव्हा आमचा पहारेकरी आठवला. 2020 च्या आसपास त्याने पस्तिशी ओलांडली असणार. म्हणजे घटनेप्रमाणे तो आता तरुण नाही, आणि गावाकडच्या हिशोबाने अजून माणसांतही आलेला नाही.

बोडा बोडाबद्दल दोन शब्द. ही मोटरसायकल टॅक्सी मूळची केनिया-युगांडा सरहद्दीवरची. तेव्हा सायकली होत्या आणि 'बॉर्डर, बॉर्डर' असं ओरडून गिऱ्हाईक बोलवायचे. 2008 मध्ये छोट्या मोटरसायकलींवरचा व्हॅट काढला आणि हजारो मुलं या धंद्यात उतरली. मी रोज बसायचो. स्वस्त, झटपट, आणि जिवावर बेतणारं. सरकार याला रोजगारनिर्मिती म्हणतं. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते, रोज ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, उरेल ते आपलं. 2007 मध्ये एम-पेसा आलं, फोनवरून पैसे जाऊ लागले, जगाने वाहवा केली आणि ती योग्यच होती. त्याच फोनवर मग काही वर्षांत उचल देणारी ॲप्स आली आणि फुटबॉलवरची सट्टेबाजीही आली. शनिवारी दुपारी आमच्या नाक्यावरचे सगळे बोडावाले गाडीवर बसून फोनमध्ये डोकं घालून असायचे. कर्ज काढून जुगार खेळायला घराबाहेर पडावं लागत नव्हतं.

2019 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पावणेपाच कोटी भरली, त्यातले पंचाहत्तर टक्के पस्तिशीच्या आतले. 2024 च्या वित्त विधेयकात सुमारे 346 अब्ज शिलिंग नव्या करांतून उभे करायचे होते. पावावर 16 टक्के व्हॅट, गाड्यांवर वार्षिक कर, असं बरंच काही. पाव नंतर वगळला, पण मुलं थांबली नाहीत. यावेळी कुणी पुढारी नव्हता. जमात विचारायची नाही हे ठरलेलं होतं, आणि ज्यांना केनियाचं राजकारण माहीत आहे त्यांना यातलं नवल कळेल. विधेयकाचं स्वाहिली आणि इतर भाषांत भाषांतर करून मुलांनी ते वाटलं. 25 जूनला खासदारांनी ते मंजूर केलं, त्याच दुपारी मुलं संसदेत घुसली, गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी रूटोंनी सही करणार नाही असं जाहीर केलं. त्या वर्षीच्या आंदोलनात किमान 60 जण मेल्याचं केनियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सांगितलं. कित्येकांना रात्री घरातून उचलून नेलं.

महिन्याभरात मंत्रिमंडळ बदललं. आत कोण आलं? विरोधी पक्षनेते रायला ओडिंगा यांच्या पक्षातले काही ज्येष्ठ नेते. मुलं रस्त्यावर मेली आणि खुर्च्या वडीलधाऱ्यांना मिळाल्या. ओडिंगा हे स्वतः 1982 च्या बंडानंतर कित्येक वर्षं बिनचौकशीचे कैदेत राहिलेले, पाचदा राष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेले, तेव्हा त्यांना एका वाक्यात निकालात काढावं असं मला वाटत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ते आपल्या केरळात उपचार घेत असताना वारले, वय 80. नैरोबीत त्यांच्यासाठी रडलेल्यांमध्ये तरुण मुलं पुष्कळ होती.

या सगळ्या हकिगतीत मुली कमी आल्या हे माझी मावसबहीण नक्की म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. इतुइका पुरुषांचाच होता आणि जमिनीचे कागदही. 1992 मध्ये राजकीय कैद्यांच्या आया वांगारी मथाईंबरोबर नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या, पोलिस आले तेव्हा काहींनी अंगावरचे कपडे उतरवले. मेरी न्यांजिरूचाच शाप तो. 27 जानेवारी 2024 रोजी, म्हणजे त्या जूनच्या आधी पाच महिने, बायकांच्या खुनांविरुद्ध हजारो मुलींनी मोर्चे काढले. जूनची गर्दी तिथूनच सुरू झाली असं मला वाटतं, पण हे माझं मत. आणि 1959 मध्ये जिथून 81 मुलं शिकायला गेली, त्याच शहराच्या विमानतळावर मी एकसारखे टी-शर्ट घातलेल्या मुलींच्या रांगा पाहिल्यात. आखाती देशांत घरकामाला निघालेल्या. तिथून शवपेट्या परत आल्याच्या बातम्या येत असतात, तरी रांग कमी होत नाही. परदेशी नोकऱ्या मिळवून देणं हेच आता सरकारचं अधिकृत धोरण आहे.

2025 च्या 25 जूनला संसदेभोवती काटेरी तारांची वेटोळी घातली होती. मुलं तरीही आली, पुन्हा माणसं मेली. 7 जुलैच्या साबा साबाला तीसहून जास्त. त्याआधी त्याच जूनमध्ये एक तरुण शिक्षक, जो ऑनलाइन लिहायचा, पोलिस कोठडीत मेला. त्याने आपणहून डोकं आपटून घेतलं असं पोलिसांनी आधी सांगितलं, शवविच्छेदनात ते टिकलं नाही.

पुढची निवडणूक ऑगस्ट 2027 मध्ये आहे. 2024 च्या जूनमध्ये जी पंधरा-सोळा वर्षांची होती ती मुलं तोवर मतदार झालेली असतील.